एका भाकरीचं अंतर

माझं सासर माहेरापासून अर्ध्या भाकरीवर, आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, एका भाकरीवर. निदान आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, तसं म्हणणं होतं. माझ्या बाबतीत त्यांचं गणित बरोबर होतं. आक्काचं सासर कराचीला होतं.

आता हे भाकरीचं माप काय, ते आधी सांगते. परवा माझी नात मला म्हणाली, की मुंबईहून दिल्ली विमानानं दोन तासांवर आहे. मी म्हटलं, "कुणाला?" तिला प्रश्न कळला नाही. मी वाद घातला नाही. या वयात वाद घातला की लोक चहा करायला उठतात.

आमच्या तापीकाठच्या गावांत मैलाचा हिशेब कुणी करत नसे. नंदुरबारच्या रस्त्याला मैलाचे दगड होते, चुना लावलेले, पण ते साहेबाच्या घोड्यासाठी आहेत अशी आमची समजूत. आम्ही त्यांच्यावर बसून पायातले काटे काढायचो. एखादं गाव किती लांब असं विचारलं, की उत्तर यायचं, एक भाकर. म्हणजे सकाळी घरून निघावं, वाटेत भूक लागेल तिथे एखाद्या विहिरीवर बसून भाकरी सोडावी, आणि दिवा लागायच्या आत पोचावं. अर्धी भाकर म्हणजे बरोबर घ्यावी की नको असा विचार पडावा इतकं जवळ. आणि त्याच्या पलीकडे दशमीची गावं. दशमी दुधात भिजवलेल्या पिठाची, गूळ घातलेली, ती दोन-तीन दिवस टिकते. भाकरी त्या दिवसाची असते. दुसऱ्या दिवशी ती वाळते आणि तिसऱ्या दिवशी तिला कुत्रंही हुंगून सोडतं. म्हणून जग दोन भागांत वाटलेलं होतं, भाकरीची गावं आणि दशमीची गावं. भाकरीच्या गावी सोयरीक करायची. दशमीच्या गावी तीर्थाला जायचं, कोर्टात जायचं, नाहीतर जायचंच नाही.

आमच्या घरात तर हा कायदाच होता आणि तो मायचा होता. ती स्वतः तळोद्याच्या बाजूची, तापीच्या पल्याडची, दशमीच्या गावातून आलेली. तिची आई गेली तेव्हा सांगावा आला सकाळी. बैल जुंपले, नदी ओलांडली, एक रात्र वाटेत काढली आणि ती पोचली तेव्हा अंगणात सारवणही वाळलं होतं. ती हे फार वेळा सांगत नसे. पण आम्ही दोघी बहिणी तिच्या हाताखाली भाकऱ्या थापायला शिकत होतो तेव्हा ती तव्यावरची भाकरी उलटताना म्हणायची, "मन्ह्या आंडेरी मी एक भाकरना पल्याड देवाव नही." आंडेर म्हणजे लेक. आबा खाटेवरून हुंकार भरायचे. घरात आबांचा शब्द चालायचा, फक्त मुलींच्या सोयरिकीत मायचा चालायचा, आणि आबांना ते मान्य होतं.

या मापात पहिला घोळ रेल्वेनं घातला. माझ्या जन्माच्या आधीच सुरतेची गाडी सुरू झालेली होती. सुरत म्हणजे आमच्या आजोबांच्या काळात दशम्यांचं गाव. गाडी आली आणि खांडबारा, नवापूर करत ती सुरत एका भाकरीवर आली. शिट्टी झाली की बसा, वाटेत भाकरी खा, उतरा. पहिली काही वर्षं लोकांनी हे मानलं नाही. मग मानलं, आणि मानलं तेव्हा असं मानलं, की जणू सुरतच उचलून इकडे आणली आहे. गावातल्या दोन-तीन मुली त्या बाजूला दिल्या गेल्या. त्या सणावाराला येत, हसतखेळत जात. म्हणजे माप गाडीचंही धरायचं, हे गावानं ठरवून टाकलं. आबांना वेड्यात काढण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

आक्काचं वय झालं तेव्हा विमानानं डाक जायला लागून थोडीच वर्षं झाली होती. आम्ही ते ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. मायच्या लांबच्या नात्यातले एक मामा होते, सोयरिकी जुळवणं हा त्यांचा छंद. ते एके दिवशी एका मुलाला घेऊन आले. मुलगा आमच्याच समाजातला, शहाद्याकडचा, धुळ्याला शिकलेला आणि नोकरीला कराचीला. कराचीत मराठी माणसं पुष्कळ आहेत, मराठी शाळा आहे, गणपती बसतो, असं मामा सांगत होते. मुलगा काम करायचा विमानतळावर. विमानांचं सामान ठेवायच्या गोदामात तो होता, कुठला खिळा कुठल्या कप्प्यात ते बघायचं काम.

मुलगा उंच, सावळा, बोलण्यात अडखळणारा. आबांनी त्याला पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. बाकी सगळं मागे ठेवून त्यांनी थेट विचारलं, "बठ्ठं मंग दखू. पहिले सांगा, तुमनं कराची कितल्या भाकरीवर शे?"

मुलानं चहाची बशी खाली ठेवली. तो म्हणाला, "तसं लांब आहे. पण आमच्याकडून सकाळी विमान निघतं, ते दुपार कलायच्या आत मुंबईला उतरतं."

"सकायले निंघस आन दुपारले मुंबई?"

"हो."

"तुम्ही तठेच काम करतस ना? इमानजोडे?"

"हो, तिथेच, विमानांपाशी. पण..."

तेवढ्यात मामांनी त्याच्यापुढे पानाचं तबक सरकवलं. आमच्या भाओजींनी, म्हणजे या मुलानंच, पुढे अनेक वर्षांनी मला सांगितलं, की ते वाक्य पुरं करायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण स्वयंपाकघराच्या दारात आक्का उभी होती, हातात पाण्याचा तांब्या, आणि ते वाक्य पानाबरोबर आत गेलं. मी त्यांना म्हटलं, भाओजी, त्या पानानं आमचं घर रंगवलं. ते हसले नाहीत.

आबांचं डोकं कसं चाललं ते मला आज अगदी स्वच्छ दिसतं. आमच्या शेजारी रेल्वेच्या फाटकावर काम करणारा एक माणूस राहायचा. त्याला पास मिळायचा. त्याची बायको, पोरं, म्हातारी, सगळी वऱ्हाडासारखी सुरतेला जाऊन यायची, फुकट. गाडीवानाची बायको गाडीत बसते. नावाड्याची पोरं नावेत खेळतात. ज्याचं काम ज्या वाहनाशी, त्याचं बिऱ्हाड त्या वाहनात. आमच्या मुलखात याला अपवाद नव्हता. मग विमानापाशी काम करणाऱ्याची बायको विमानात बसणार नाही, असं आबांनी का समजावं?

पाहुणे गेल्यावर ते मायला म्हणाले, "एक भाकर."

मायनं मुंबईपासून गावापर्यंतचं विचारलं, "आन मुंबईथीन आठे?"

"रातनी गाडी शे. झोपमा कोनले भूक लागस?"

 झोपेतली भूक मोजायची नाही हा नियम मायला बरोबर वाटला असावा. तिनं चुलीत लाकूड सरकवलं आणि आबांकडे न बघता विचारलं, "माले इमानमधलं काय समजस. तुम्ही सांगी ऱ्हायनात ना, एक भाकर?"

"मी सांगी ऱ्हायनू."

झालं. आक्काचं लग्न ठरलं. कुणी आक्काला विचारलं का, असं नात मला विचारते. विचारलं नाही. पण तांब्यातलं पाणी तिनं पाहुण्यांना दिलंच नव्हतं, तशीच दारात उभी राहिली होती, यावरून मला काय समजायचं ते समजलं होतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही, मला ताप होता. आठवते ती पाठवणीची सकाळ. अंगणात गाडी जुंपलेली, नंदुरबार स्टेशनला जायचं. माय पहाटेपासून चुलीपुढे होती. तिनं नव्या फडक्यात शिदोरी बांधली. आक्काची एक भाकरी, जावयाची एक, आक्काला पोचवायला जाणाऱ्या जावयाच्या आत्याची एक. वर मिरचीचा ठेचा, दोन कांदे. गाठ मारली आणि आत्याबाईंच्या हातात दिली.

आत्याबाईंनी फडकं हातात तोललं. मग गाठ सोडून आत बघितलं. "विहीणबाई, मानशी एकच भाकर? आमले तं तीन दिन लागतीन."

माय म्हणाली, "इमानमा?"

आत्याबाई हसल्या. त्यांचा दोष नव्हता, त्यांना वाटलं विहीण थट्टा करते आहे. "इमानमा साहेब लोक बठतस, बाई. नहीतं डाकनी थैली. आपन सुरत, अमदाबाद, मंग मारवाडमातीन वाळूच वाळू. तीन दिन."

 माय ओरडली नाही, रडली नाही. तिनं आत्याबाईंच्या हातातून फडकं परत घेतलं, आत गेली, परातीत पीठ ओतलं आणि त्यात दूध घातलं. गाडी बाहेर उभी. बैल माना हलवत होते. मामा सारखे म्हणत होते, गाडी चुकेल, गाडी चुकेल. कुणाची तिला हाक मारायची छाती झाली नाही. ती दशम्या लाटत होती आणि मी लाकडं घालत होते. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते. तिचे धुरानं नव्हते. शेवटची दशमी तव्यावरून काढताना आबा दारात येऊन उभे राहिले. ती त्यांच्याकडे वळून एवढंच म्हणाली, "तुम्ही माले एक भाकर सांगी व्हती."

  लग्न लागून गेलेलं होतं, मुलगी दारात उभी होती आणि जावई खाली मान घालून जोडे घालत होता. दशम्यांचं गाठोडं गाडीत ठेवलं आणि गाडी गेली. भाकऱ्या तशाच मागे राहिल्या. संध्याकाळी मायनं त्या गाईला घातल्या.

ते वाक्य त्या दिवशी आमच्या घरात राहायला आलं. माय पुन्हा कधी ते बोलली नाही, आबांशी भांडली नाही, त्यांच्या जेवणखाण्यात तिनं कधी कमी केलं नाही. पण आबा बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे, तेव्हा मला कळायचं की ते वाक्य त्यांच्यापुढे येऊन बसलं आहे.

आक्काची पत्रं यायची. तीनच ओळी, सुखी आहे, वारा फार, मासळीचा वास सवयीचा झाला. पत्र लवकर यायचं, कारण भाओजी ते विमानाच्या डाकेत टाकायचे. कराचीहून मुंबईपर्यंत ते उडत यायचं. मला त्या कागदाचा रागच यायचा. आक्काच्या हातचा कागद उडत येतो आणि आक्का येत नाही. ती आली एकदाच, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, आणि तिच्या गाठोड्यात वाळूचे कण होते.

मग माझं लग्न. यावेळी आबांनी कुणालाही तोंड उघडू दिलं नाही. ते स्वतः सकाळी घरून निघाले, तापीवर नावेत बसले, सारंगखेड्याच्या अंगानं चालत गेले आणि बरोबर नेलेली भाकरी अर्धी उरलेली परत आणली. ती त्यांनी मायपुढे ठेवली. माय ती हातात घेऊन बघत बसली. मग म्हणाली, ठीक. अशी माझी सोयरीक एका अर्ध्या भाकरीवर झाली. नवरा कसा आहे हे मला नंतर कळलं. तो चांगला निघाला, ते माझं नशीब. भाकरीचा त्यात काही हात नाही.

अर्ध्या भाकरीचं सासर कसलं असतं ते मात्र मी सांगू शकते. आठ दिवसांआड माहेरचं कुणीतरी दारात. मी काय रांधलं, सासू काय बोलली, गाय कधी आटली, सगळं नदीपलीकडे त्याच दिवशी पोचलेलं. रुसायची सोय नाही, कारण रुसून माहेरी गेलं तर संध्याकाळच्या नावेनं समजूत घालून परत आणतील. मला आक्काचा हेवा वाटायचा. तिच्या तीन ओळींच्या पत्रांमागे केवढं तरी मोकळं जग असणार असं मला वाटे. आक्काला माझा हेवा वाटायचा, हे तिनं नंतर सांगितलं.

लढाईच्या दिवसांत आमच्याकडेही विमानं दिसू लागली. सातपुड्याच्या अंगानं एखादं येई, घुर्र करत तापी ओलांडून जाई. पोरं आरडाओरडा करत. मी माहेरी होते तेव्हा एकदा खळ्यावर आम्ही ज्वारी उपणत होतो. आवाज आला. मायनं सूप खाली ठेवलं, डोईवरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढला आणि पाठ फिरवून उभी राहिली. आम्ही सगळ्या हसलो. मी विचारलं, माय, लाजते कुणाला? ती म्हणाली, "जवाई तठेच कामले शेत ना. ऱ्हायना त्यामा, तं?"

जावई त्यात असला तर! त्याच्यापुढे सासूनं उघड्या डोक्यानं सूप पाखडावं का? आम्ही पोट धरून हसत होतो आणि आबा खळ्याच्या कडेला खाली बघत बसले होते. त्यांनी विमानाकडे मान वर केली नाही. ती त्यांनी कधीच केली नाही. विमान दिसेनासं झाल्यावर मायनं पदर मागे घेतला आणि सूप उचललं. मला तेव्हा हसू आलं, आज आठवलं की येत नाही. मायनं ते एक भाकरीचं बोलणं मनातून अजून सोडलेलं नव्हतं. कधीतरी एखाद्या दुपारी त्यातून लेक उतरेल, असं तिला थोडं थोडं वाटत असलं पाहिजे.

ती गेली श्रावणात. त्या वर्षी तापी दोन्ही थड्या भरून वाहत होती. नाव बंद. आमच्याकडे नदीला पूर असताना पल्याड काही सांगायचं झालं, तर काठाच्या उंचवट्यावर उभं राहून पांढरं धोतर हलवायचं, असा रिवाज होता. मी गुरांना पाणी दाखवायला निघाले होते. एका बाईनं मला सांगितलं, तुमच्या माहेरच्या बाजूला कुणीतरी धोतर हलवतंय. मी काठावर धावले. माणूस ओळखू येत नव्हता इतकं पात्र रुंद झालेलं. धोतर दिसत होतं. मी नावाड्याच्या पाया पडले. तो म्हणाला, पाण्यात झाडंच्या झाडं चालली आहेत, तुला नेऊन बुडवू का?

मी तिथेच बसले. माझ्या सासूनं एका फडक्यात भाकरी आणून दिली, ती तशीच मांडीवर होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पल्याडच्या काठावर माणसं जमलेली दिसली आणि मग धूर दिसला. पावसाची भुरभुर होती, लाकडं ओली असणार, धूर बराच वेळ खालीच रेंगाळत होता. अर्ध्या भाकरीच्या अंतरावरून मी माझ्या आईची चिता बघितली. मी नदीला शिव्या दिल्या, ज्या बाईमाणसानं देऊ नयेत अशा. मला त्याचा पस्तावा नाही.

कराचीला तार गेली होती. आक्का मिळेल त्या गाडीनं निघाली, मारवाडातून, अमदाबादेवरून, सुरतेहून नंदुरबारला. स्टेशन नदीच्या माहेरच्याच बाजूला, त्यामुळे तिला पूर आडवा आला नाही. इकडे पाणी उतरलं, नावाड्यानं मला पल्याड टाकलं, मी चिखलातून धावत घरी गेले आणि अंगणात शिरले तर आक्का ओट्यावर बसलेली. ती नुकतीच पोचली होती, पायसुद्धा धुतलेले नव्हते. कराचीहून आलेली ती आणि नदीपलीकडून आलेली मी, आम्ही दोघी एकाच दिवशी पोचलो. दोघींनाही उशीर झालेला होता.

आबा आम्हा दोघींकडे बघत होते. एक दशमीची लेक, एक अर्ध्या भाकरीची. त्यांचं सगळं माप त्यांच्यासमोर अंगणात उभं होतं आणि खोटं ठरलं होतं. त्यांनी तोंडावर हात घेतला. आक्का त्यांच्या पायाशी जाऊन बसली. त्या तेराव्यापर्यंत ते आमच्याशी शेताचं बोलले, गुरांचं बोलले. पुढे कुणी वाटसरूनं अमकं गाव किती लांब असं विचारलं, तर ते हातानं नुसती दिशा दाखवायचे.

मग देश स्वतंत्र झाला आणि कराची दुसऱ्या देशात गेली. आमच्या गावात झेंडा लागला, साखर वाटली. आबा चावडीवर जाऊन आले आणि मला सांगावा धाडून बोलावून घेतलं. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की आक्काचं पत्र मला आलं का. मला आलं नव्हतं. त्यांनाही नव्हतं. स्टेशनवर उतरणाऱ्या लोकांच्या तोंडून तिकडच्या गाड्यांबद्दल भलतंच काही ऐकू यायचं. मारवाडातून येणाऱ्या वाटेचं नाव निघालं की आबा उठून गोठ्यात जायचे. मी त्या दिवसांत माहेरीच राहिले. भीती वाटत होती, आणि भीती वाटते असं मोठ्यानं म्हणायची हिंमत आम्हा दोघांत नव्हती. आम्ही वैरण, पाणी, सरकी एवढंच बोलत होतो.

एके दिवशी सकाळी, कापसाची वेचणी सुरू झाली होती, स्टेशनकडून येणाऱ्या एका गाडीतून आक्का उतरली. एकटी. अंगावर एकच लुगडं, हातात एकच गाठोडं. गाडीवानाला भाड्याचं मी बघितलं. आक्का म्हणाली, "ते बरे आहेत. बोटीनं येणार आहेत, मागून." भाओजी खरंच पुढे महिन्याभरानं बोटीनं मुंबईला उतरले, हे इथेच सांगून टाकते.

ती विमानानं आली होती. तिकडून माणसं हलवायला विमानं लावली होती. भाओजींनी इतकी वर्षं ज्या गोदामात खिळे मोजले, तिथल्या एका साहेबानं त्यांच्या बायकोला एक जागा दिली. सामान घ्यायचं नाही, माणूस घ्यायचा. शेजारणींनी तिला सांगितलं, मुंबईत काय होईल सांगता येत नाही, चार दिवसांचं खायला घे. ती पहाटे उठली, आणि दूध घरात असून तिनं पिठात दूध घातलं नाही. घर सोडताना, त्या घराच्या चुलीवर तिनं शेवटची एक भाकरी थापली. एकच.

हे तिनं मला नंतर सांगितलं. त्या सकाळी ती ओट्यावर आबांपुढे बसली आणि तिनं गाठोडं सोडलं. आत फडकं. फडक्यात भाकरी. मुंबईच्या स्टेशनवर कुणी पुऱ्या वाटत होतं, त्या तिनं खाल्ल्या होत्या. ही भाकरी अख्खी होती, कडा न मोडलेली.

आबांनी विचारलं, "खादी नही?"

"तुमले दखाडाले ठेयी, आबा. भूक लागाना पहिले मुंबई उनी."

भूक लागायच्या आत मुंबई आली, हे ऐकून आबांनी भाकरी दोन्ही हातांत घेतली. बोटानं तिची कड चाचपली. मी त्यांना आक्काच्या पाठवणीत रडताना बघितलं नव्हतं, मायच्या चितेपाशी मी नव्हते. त्या सकाळी बघितलं. ते आक्काकडे बघत नव्हते, आत चुलीकडे बघत होते, जिथे आता मी रांधत होते.

"मंग मी तुन्ही मायले खोटं नही सांगं," ते म्हणाले.

"नही, आबा. खोटं नही सांगं."

भाकरी आदल्या सकाळची, कडक झालेली. आबांनी तिचे तुकडे केले. पहिला तुकडा त्यांनी चुलीच्या कडेला ठेवला, माय बसायची त्या बाजूला. उरलेले आम्ही तिघांनी पाण्यात बुडवून खाल्ले.